आठवड्याला 72 प्लॅस्टिक पिशव्या-पाकिटं घरात येतात, कमी कुठून करायची? (सांगली)

कृष्णाकाठ

घर विश्रामबागला, माणसं चार. एक आठवडा घरात आलेलं एकदाच वापरायचं सगळं प्लॅस्टिक एका पोत्यात टाकलं आणि रविवारी मोजलं. हिशोब असा:

दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या 14, सकाळच्या फुलपुडीच्या 7, भाजी-फळांच्या पातळ पिशव्या 19, किराण्याची पाकिटं 11, चिकन-मासे 2, बिस्किटं-भडंग-वेफर 9, हॉटेलचं पार्सल 3, कचऱ्याच्या डब्यातल्या काळ्या पिशव्या 7. एकूण 72.

कापडी पिशवी नेणं सुरू आहे, तरी आकडा हा आहे. अडचणी चार:
1. पालेभाजी कापडी पिशवीतून फ्रीजमध्ये ठेवली की दुसऱ्या दिवशी मान टाकते.
2. डबा नेला तर दुकानदार म्हणतो, "वजनाचा घोळ होतो, पाकीटच घ्या."
3. ओल्या कचऱ्याच्या डब्याला पिशवी नको, तर मग काय?
4. एक दुकानदार म्हणतो, "120 मायक्रॉनची आहे, ही चालते." (मायक्रॉन म्हणजे पिशवीच्या जाडीचं माप.) खरंच चालते का?

"प्लॅस्टिक वाईट" हे माहीत आहे. कृती सांगा.

काटा_पारडं

पोत्यात भरून मोजलंत, निम्मं काम तिथंच झालं. आता तुमचेच आकडे बघा. दूध, फुलं, भाजी आणि कचऱ्याची पिशवी मिळून 72 पैकी 47. या चारही गोष्टी रोजच्या किंवा दिवसाआडच्या आहेत आणि माणसं ठरलेली आहेत, त्यामुळे एकदा सांगितलं की काम होतं. बिस्किट-वेफरच्या 9 पाकिटांशी आत्ता भांडू नका. लोक नेमकी तिथून सुरुवात करतात, घरातली पोरं चिडतात आणि दोन आठवड्यांत सगळंच बारगळतं.

मी किराण्याचं सांगतो, बाकीचं इतर सांगतील.

गिरणीत आपण डबा घेऊनच जातो. तिथं कुणी प्लॅस्टिकची पिशवी मागत नाही आणि गिरणीवालाही वजनाचा घोळ म्हणत नाही. तीच सवय दुकानापर्यंत न्यायची आहे.

वजनाचा घोळ होतो तो असा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर टेअरचं बटण असतं. रिकामा डबा ठेवायचा, टेअर दाबायचं, आकडा 0.000 झाला की माल भरायचा. गडबड झाकणाची होते. टेअर करताना झाकण डब्यावर, भरताना बाजूला, म्हणजे झाकणाचे 80-100 ग्रॅम तुमच्या बाजूनं जातात आणि दुकानदार वैतागतो. झाकण घरीच ठेवा किंवा पिशवीत ठेवा, काट्यावर आणू नका. दुसरं म्हणजे टेअर केल्यावर कुणी मध्येच काटा बंद-चालू केला तर टेअर जातं आणि डब्याचे पैसे तुम्हाला पडतात. म्हणून डब्याच्या बुडाला ऑइल पेंटनं रिकामं वजन लिहून ठेवा: 0.385, 0.510, असं. साधा तराजू असलेल्या दुकानातही मग प्रश्न येत नाही, वजा करून टाकायचं.

मात्र डाळ-तांदळाला डबे नेऊच नका. जड होतात, स्कूटरवर खडखडतात. त्याला जुन्या धोतराच्या किंवा मांजरपाटाच्या नाडीवाल्या पिशव्या बऱ्या. किलोला 20 बाय 30 सेंमी, दोन किलोला 25 बाय 38. डबा लागतो तो गूळ, खोबरं, शेंगदाण्याचं कूट, तूप अशा तेलकट-चिकट जिनसांना.

दुकानदार पाकीटच देतो कारण त्यानं सकाळीच सुट्टा माल किलो-अर्धा किलोत भरून ठेवलेला असतो. संध्याकाळी सातला गर्दीत जाऊन "पोत्यातलं द्या" म्हटलं तर तो देणार नाहीच. यादी आणि पिशव्या आदल्या दिवशी देऊन ठेवा, किंवा दुपारी तीन-चारला जा. महिन्याचं सामान एकदम घेत असाल तर गणपती पेठेत पोत्यातून माल मिळतो; दोन-तीन घरांनी मिळून 30 किलो तांदळाचं एक पोतं घेतलं की 30 पाकिटं वाचतात. (पोतंही हल्ली प्लॅस्टिकच्या विणीचंच असतं, पण ते पुढं वर्षभर कामाला येतं.)

एक चूक टाळा. कापडी पिशवी ही आणण्यासाठी आहे, साठवायला नव्हे. पावसाळ्यात धान्य त्यातच राहिलं तर सोंडकिडे होणारच. घरी आलं की ऊन देऊन, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. तांदळात सुकलेला कडुलिंबाचा पाला, तूरडाळीला किलोला चमचाभर एरंडेल चोळून. गिरणीचं पीठ मात्र लगेच झाकू नका. गरम पिठाला झाकणाखाली पाणी सुटतं, गुठळ्या होतात आणि वास येतो.

तेल: खाद्यतेल सुटं विकायला अन्नसुरक्षेच्या नियमांत मनाई आहे, म्हणून दुकानदाराच्या मागं लागू नका. पत्र्याचा 15 चा डबा घ्या, पण 15 किलो आहे की 15 लिटर ते वाचा. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, 15 लिटर भरतं साधारण साडेतेरा किलो. भाव करताना इथंच फसायला होतं. चौघांच्या घरात हा डबा चार-पाच महिने पुरेल आणि शेंगदाणा तेल तोवर खवट होईल, म्हणून दोन घरांत वाटून घ्या. डबा फोडताना समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत भोकं पाडा, एकातून तेल आणि दुसऱ्यातून हवा. एकच भोक पाडलं की डबडब करत ओट्यावर सांडतं. फोडल्यावर लगेच लहान कॅनमध्ये काठोकाठ भरून ठेवा. तेल खवट होतं ते वर राहिलेल्या हवेनं.

सुईदोरा

भाजी माझ्याकडे.

पहिल्यांदा, नवीन कापडी पिशव्या विकत घेऊ नका. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं 2018 साली हिशोब मांडला होता. दुकानातल्या साध्या प्लॅस्टिक पिशवीशी बरोबरी व्हायची तर नुसत्या हवामानाच्या हिशोबानं सुती पिशवी 52 वेळा वापरावी लागते आणि सगळे परिणाम धरले तर 7,100 वेळा. कापूस पिकवायला, विणायला, रंगवायला एवढं लागतं. जुन्या कापडाची शिवली तर हा प्रश्नच उरत नाही. घरात जुनी सुती साडी, चादर, पडदा असेलच.

एक मोठी आणि सहा लहान, एवढा संच पुरतो.

मोठी: 40 बाय 45 सेंमी, बूड 12 सेंमी. चादरीचं किंवा पँटचं जाड कापड. बंद 60 सेंमी लांब, कापड चारपदरी दुमडून 3-4 सेंमी रुंद. बाजारातल्या पिशवीचे बंद फक्त वरच्या दुमडीत अडकवलेले असतात, म्हणून दोन किलो कांद्यातच उसवतात. बंद पिशवीच्या आतून 8 सेंमी खाली न्या, चौकोनी टीप मारा आणि त्या चौकोनात फुली मारा. मग सात-आठ किलोला काही होत नाही.

लहान: मलमल किंवा जुनी विरलेली सुती साडी, 30 बाय 38 सेंमी. आतली कड उघडी ठेवू नका, तिचे दोरे कोथिंबिरीच्या काड्यांत अडकतात. आधी सुलट बाजूनं 5 मिमीवर टीप, कड कातरून निम्मी करा, पिशवी उलटवा, मग 7-8 मिमीवर दुसरी टीप. कच्ची कड आत बंद होते. अशी पिशवी वीसेक ग्रॅम भरते. भाजीवाल्या मावशींनी पिशवीसकट तोललं तरी 40 रुपये किलोच्या टोमॅटोत 80 पैशांचा फरक. त्यावर वाद नको. खरं तर बहुतेक मावशी पारड्यात तोलतात आणि मग पिशवीत टाकतात, म्हणजे काही फरक पडतच नाही.

शिवाजी मंडईत किंवा आठवडी बाजारात वेग महत्त्वाचा. मावशींचा एक हात तोलतो, दुसरा पातळ पिशवी ओढतो, सवयच आहे. भाव विचारतानाच पिशवीचं तोंड उघडून पुढं धरा. तोलून झाल्यावर "पिशवी नको" म्हणालात तर उशीर झालेला असतो. घेण्याचा क्रम बटाटे-कांदे, मग वांगी-काकडी, मग टोमॅटो, शेवटी पालेभाजी. बटाटे-कांद्याला लहान पिशवीची गरजच नाही, मोठीच्या बुडाशी सुटे चालतात.

आता मान टाकणारी भाजी. फ्रीजमधली हवा कोरडी असते. पातळ प्लॅस्टिक पिशवी तिथं एकच काम करत होती, ओल धरून ठेवायचं. कोरडं कापड उलट ओल शोषून घेतं. तेव्हा ते काम दुसऱ्या कशाला तरी द्यायला हवं. असं करा:

कोथिंबीर, मेथी आणल्यावर धुऊ नका. पिवळी-सडकी पानं काढा, मुळं कापा, माती झटका. भाजी ओली असेल तर पंख्याखाली अर्धा तास पसरा. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात तळाला सुती कापडाची घडी, वर भाजी सैल, वर पुन्हा ओलं करून घट्ट पिळलेलं कापड, झाकण. दाबून भरली की मधली काळी पडते. तीन दिवसांनी वरचं कापड बघा: सुकलं तर ओलं करा, झाकणाला थेंब लोंबत असतील तर खालची घडी बदला. कोथिंबीर अशी आठवडाभर नीट राहते. पालक तीन-चार दिवस, त्याहून जास्त आशा करू नका. आणि केळी किंवा पिकलेले टोमॅटो शेजारी ठेवू नका, त्यांतून निघणाऱ्या वायूनं पानं पिवळी पडतात.

रतीब_किटली

दुधाला दोन रस्ते आहेत.

पिशवीच घ्यायची असेल तर अर्ध्याच्या दोनऐवजी एक लिटरची एक घ्या. 14 च्या 7 होतात आणि प्लॅस्टिकही कमी लागतं. कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, सेंटिमीटरभर जोडलेला राहू द्या. तो तुटलेला तुकडा कुणी गोळा करत नाही, मोरीतून थेट गटारात जातो. पिशवीत वाटीभर पाणी घालून खळबळा, ते पाणी चहात किंवा कुंडीत. मग तिन्ही कडा कापून उघडा, धुवा, चिमट्यानं दोरीवर टांगा. नुसती उपडी ठेवली तर कोपऱ्यात दूध राहतं, दुसऱ्या दिवशी आंबतं आणि भंगारवाला घेत नाही. धुतलेल्या पिशव्या चांगल्या जातीच्या प्लॅस्टिकच्या असतात, त्यांना भाव मिळतो. मात्र किलो भरायला अर्ध्या लिटरच्या तीन-चारशे पिशव्या लागतात, तेव्हा श्रीमंत व्हायची घाई नको. बिस्किट-वेफर-भडंगची चकचकीत पाकिटं यात मिसळू नका. ती अनेक थरांची असतात, एक थर दुसऱ्यापासून सुटत नाही, म्हणून भंगारात त्यांना गिऱ्हाईक नाही.

दुसरा रस्ता गवळ्याचा रतीब. आपल्याकडे नदीकाठच्या गावांतून शहरात दूध येतंच. दोन किटल्या ठेवा, आजची भरलेली घ्यायची, कालची धुतलेली द्यायची. एकाच किटलीवर चालवलं की घाईत नीट धुतली जात नाही. धुताना आधी गार पाणी, मग गरम पाणी आणि साबण. उलटं केलं तर दुधातली प्रथिनं भांड्याला धरतात आणि झाकणाच्या खाचेत पिवळा थर बसतो. दूध नासण्याचं कारण बहुतेकदा तीच खाच असते. आठवड्यातून एकदा लिटरभर गरम पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्यानं विसळा. झाकण उघडं ठेवून उपडी वाळवा. हे दूध पाश्चराइज केलेलं नसतं, आल्याबरोबर पूर्ण उकळी आणायची. उन्हाळ्यात संध्याकाळचं दूध सकाळपर्यंत तसंच ठेवू नका.

घंटागाडी_7वाजता

कचऱ्याच्या डब्याला पिशवी लागते, कारण डब्याच्या तळाला पाणी साठतं. पाणीच कमी करा.

ओट्यावर जुनी गाळणी किंवा भोकं पडलेलं भांडं ठेवा. सालं, देठं, चहाचा चोथा आधी त्यात. रात्रभर निथळू द्या, सकाळी डब्यात. उरलेली आमटी-ताक डब्यात ओतू नका.

डबा 8-10 लिटरचा, गुळगुळीत, सरळ तोंडाचा. वर्तमानपत्राची दोन पानं आडवी-उभी फुलीसारखी घालून मुठीनं दाबा, टोकं काठावर बाहेर आली पाहिजेत. तळाला तिसरं पान चुरगळून, त्यावर मूठभर भुसा किंवा सुका पाला. घंटागाडीत डबा थेट उपडा करायचा, कागद कचऱ्यासकट निघून जातो. डबा विसळून पाच मिनिटं उन्हात. काळ्या पिशवीत बांधून दिलेला ओला कचरा कुणाला तरी हातानं फोडावा लागतो, नाहीतर तो तसाच सडतो.

चकचकीत रंगीत पुरवण्या वापरू नका, पाणी शोषत नाहीत. आणि वर्तमानपत्र कचऱ्यालाच. वडे-भजी त्यात बांधून घेऊ नका, शाई तेलात उतरते.

कृष्णाकाठ

फार उपयोगी. 120 मायक्रॉनचं कुणी सांगेल का? आणि दुकानात त्या रंगीत, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या मिळतात त्या चालतील का? कचऱ्यासाठी "कंपोस्टेबल" लिहिलेल्या हिरव्या पिशव्याही दिसतात.

नियमावली

120 मायक्रॉन हा केंद्राचा नियम: 30 सप्टेंबर 2021 पासून किमान 75, 31 डिसेंबर 2022 पासून किमान 120. पण महाराष्ट्राची अधिसूचना त्याआधीची, 23 मार्च 2018 ची, आणि अधिक कडक आहे. तिच्यात हातात धरायच्या प्लॅस्टिक पिशव्यांना, धरायला कान असोत-नसोत, जाडी न बघता बंदी आहे. म्हणजे केंद्राची मर्यादा दाखवून दुकानदाराची इथं सुटका होत नाही. दंड पहिल्यांदा 5,000, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. कारखान्यातूनच पाकीटबंद येणाऱ्या मालाचे नियम वेगळे, त्यात गल्लत करू नका.

1 जुलै 2022 पासून देशभर बंद झालेल्या वस्तू म्हणजे प्लॅस्टिकचे कप, ग्लास, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ, कानकोरण्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या, सजावटीचा थर्माकोल, मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायचा पातळ प्लॅस्टिकचा कागद वगैरे.

कापडासारखी दिसणारी पिशवी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. प्लॅस्टिकच. ओळख सोपी: उजेडात धरा. उभे-आडवे धागे दिसत नाहीत, त्याऐवजी बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते. बाल्कनीत उन्हात काही महिने राहिली की हात लावताच भुगा होते आणि तो भुगा गोळाही करता येत नाही.

कंपोस्टेबल पिशवीवर उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला हवा. मानक आयएस/आयएसओ 17088. पण ही चाचणी साधारण 58 अंश तापमानाच्या कंपोस्टात होते. घरातल्या बादलीत तेवढी उष्णता होत नाही, पिशवी कित्येक महिने तशीच दिसेल. दुधाच्या पिशव्यांत मिसळून भंगारात गेली तर तो मालही बिघडवते. नुसतं "बायोडिग्रेडेबल" लिहिलं असेल तर सोडून द्या.

अजिंक्यतारा_पायथा

साताऱ्याहून दोन-तीन गोष्टी.

कंदी पेढे घ्यायला स्टीलचा डबा न्या. खोकं, खोक्यातला पातळ कागद, वरची पिशवी, तिन्ही वाचतात. शिवाय खोक्यासकट तोललं जात असेल तर तेही थांबतं. वैधमापन कायद्यानुसार वजन मालाचंच धरायचं, खोक्याचं नाही. पेढे एकावर एक दाबून भरू नका, दोन थरांत केळीचं पान किंवा बटर पेपर घाला.

पावसाळा: इकडचा पाऊस बघता कापडी पिशवी चार महिने ओलीच राहते. ओली घडी करून ठेवली की दोन दिवसांत काळे ठिपके, मग वास जात नाही. यावर उपाय म्हणजे मोडलेल्या छत्रीचं कापड. काड्यांची टोकं उसवून कापड अखंड काढा, अर्धगोल दुमडा, सरळ कडेला बंद जोडा आणि गोल कडेला दुहेरी टीप. शेंड्याजवळच्या भोकावर आतून ठिगळ लावा, नाहीतर लिंबं तिथून पळतात. हे कापडही नायलॉन-पॉलिस्टरचंच, पण नाहीतरी कचऱ्यातच जाणार होतं. मुठीएवढी घडी होते, स्कूटरच्या डिकीत राहते.

चिकन-मासे: किलोला दोन-अडीच लिटरचा, क्लिपच्या झाकणाचा स्टीलचा डबा. "धुऊन द्या" सांगितलं तर निथळायला दोन मिनिटं द्या, नाहीतर पाणीच घरी येतं. डब्याच्या बाहेरून हात लागलेला असतो, घरी आल्यावर बाहेरूनही साबणानं धुवा. हा डबा त्याच कामाला ठेवा.

पार्सलचा चहा: थर्मास. अर्ध्या लिटरच्या थर्मासमध्ये पाच कटिंग बसतात. आधी गरम पाण्यानं विसळला तर चहा तासभर कडक राहतो. कागदी कप म्हणजे सुटका असं समजू नका, आतून प्लॅस्टिकचाच थर असतो. हळदीकुंकू-बारशाला पळसाच्या पत्रावळी किंवा उसाच्या चिपाडाच्या ताटल्या. चंदेरी कागदी ताटली नको, तिच्यावरही थर असतो. पत्रावळीत रस्सा वाढायचा तर द्रोण दुहेरी लावा. पन्नासच्या वर माणसं असतील तर मांडववाल्याकडून स्टीलची ताटं भाड्यानं आणणं सोपं. ताटं धुणाऱ्या मावशींची मजुरी आधीच ठरवा, ऐन वेळी तिथंच अडतं.

कृष्णाकाठ

फुलपुडीचं राहिलं. फूलवाल्याचा पोरगा पहाटे साडेपाचला दाराच्या कडीला अडकवून जातो, तेव्हा घरात कुणी उठलेलं नसतं.

सुईदोरा

कडीला झाकणाचा लहान डबा किंवा वेताची परडी टांगा. खाली पिळलेल्या ओल्या कापडाची घडी ठेवा, फुलं ताजी राहतात. उंची पोराच्या हाताला येईल अशी, साधारण चार फूट. जास्त उंच असली की तो पिशवीच अडकवून जातो. दाराला मांजर येत असेल तर परडी नको, डबाच. दुर्वा, तुळस आणि फुलं एकाच कापडावर चालतात, पण हार असेल तर त्याला पान गुंडाळायला सांगा, नाहीतर दोरा ओला होऊन रंग सुटतो. पहिले तीन-चार दिवस डब्यावर खडूनं "फुलं यात" लिहा. पोरं बदलतात.

काटा_पारडं

आणि महिनाअखेरीचा फुलांचा हिशोब द्यायला जाल तेव्हा फूलवाल्यालाही सांगा. पुडी दुकानात बांधली जाते, पोरगा फक्त पोचवतो. त्याच्या हातात प्लॅस्टिकमध्ये बांधलेली पुडी दिली असेल तर तो ती तशीच तुमच्या डब्यात टाकणार.